भीमेच्या रेषेतला सूर्य

सूर्य पूर्वेला उगवतो, हे शाळेत घोटून घेतलेले वाक्य वर्षातून दोनच दिवस तंतोतंत खरे असते. एरवी तो पूर्वेच्या उत्तरेला तरी सरकलेला असतो, नाहीतर दक्षिणेला. दौंड आणि शिरूर हे तालुके साडेअठरा अंश अक्षांशाच्या आसपास येतात. तिथे हे सरकणे दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस अंशांचे आहे. दिवाळीच्या सुमारास सूर्य पूर्वेच्या पंधरा-सोळा अंश दक्षिणेला वर येतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंचवीस अंशांवर जाऊन थांबतो. आता नकाशा उघडून भीमेकडे बघा. शिरूर तालुक्यातले रांजणगाव सांडस आणि दौंड तालुक्यातली वाळकी यांच्यामध्ये मुळा-मुठा भीमेला मिळते. तिथून दौंड शहरापर्यंत नदी वाटेल तशी वळणे घेते, पण तिचा एकूण रोख काढला तर तोही पूर्वेकडून साधारण तेवढाच, पंचवीसएक अंश, दक्षिणेला झुकलेला निघतो. म्हणजे ऐन थंडीत सूर्य नदीच्याच रेषेत उगवतो. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून काठावर उभे राहायचे, की पाण्याचा पट्टा आपल्या पायापासून निघून सरळ सूर्याखाली जातो.

हा योगायोग आहे, दुसरे काही नाही. पण निसर्गाचे फोटो काढणाऱ्या माणसाला असे योगायोग हुडकावे लागतात. पुण्याहून पहाटे निघणाऱ्या बहुतेक गाड्या सोलापूर रस्त्याने थेट भिगवणला जातात, रोहित पक्ष्यांकडे. वाटेत पाटसच्या अलीकडे डावीकडे वळून नदीकाठ गाठणारे फार थोडे. भिगवणला माझा विरोध नाही. या लेखातही पुढे तिकडे जायचेच आहे. पण दौंड आणि शिरूर यांच्यामधून भीमा जिथे दोन तालुक्यांची हद्द होऊन वाहते, त्या पट्ट्यावर मराठीत फार कमी लिहिले गेले आहे. नागरगाव, आरणगाव, वडगाव रासाई, मांडवगण फराटा एका काठाला. पारगाव, नानगाव, हातवळण, कानगाव दुसऱ्या काठाला. हा सगळा उसाचा मुलूख. इथे नदी डोंगरातल्या नदीसारखी खळखळत नाही. ती साचून राहते, आणि साचते म्हणूनच तिच्यात आकाश दिसते.

साचते का, तर बंधारे आहेत म्हणून. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांना इथे सगळे ‘केटी’ म्हणतात, भीमेवर एकापाठोपाठ एक बांधलेले आहेत. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा आणि खाचांत सरकवायचे लोखंडी ढापे, अशी साधी रचना. पावसाळ्यात ढापे काढून ठेवायचे म्हणजे पूर निघून जातो. पाऊस ओसरला की ढापे बसवायचे म्हणजे उरलेले पाणी अडते. एका बंधाऱ्याचा फुगवटा मागे सरकत वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत जातो. म्हणून नोव्हेंबरनंतर नदी म्हणजे लांबट, संथ डोहांची एक माळच होते. डोहाच्या कडेला उथळ पाणी, उथळ पाण्यात लव्हाळे आणि पाणकणीस, त्यात बगळे. पाणथळ म्हणून जे काही आपण टिपतो ते असे पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर चालते. ढापे बसायच्या आधी गेलात तर खडक आणि वाळू दिसेल. ढापे बसून पाणी स्थिरावले की त्याच जागी मैलभर आरसा तयार झालेला असतो. फोटोच्या जागा ठरवायच्या असतील तर सूर्याचे ॲप नंतर उघडा. आधी गावात विचारा, ‘ढापं टाकलं का?’

दुसरी गोष्ट, हे पाणी कुठून येते. भीमा भीमाशंकरहून येते खरी, पण हिवाळ्यात इथे जे वाहते त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचा वाटा मोठा आहे. इंद्रायणी तुळापूरला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला. दोन्ही नद्या शहरांतून जाताना जे घ्यायचे नाही ते घेऊन येतात. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती. फूल जांभळे, देखणे. वाढ अशी की काही आठवड्यांत डोह झाकून टाकते. बंधाऱ्यापाशी ती अडून बसते आणि नदीवर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. काठच्या गावांना तिचा जाच आहे: डास, कुजका वास, पंपाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये अडकणारी मुळे. फोटोत मात्र ती गोड दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या फुगीर देठांवरचे दव चमकते, पानांवरून कमळपक्षी लांब बोटांनी चालत जातो, जांभळी पाणकोंबडी शेपटी उडवत कडेने फिरते. त्या पक्ष्यांना जलपर्णीचा उपयोगच होतो, हेही खोटे नाही. पण पुण्यात बसून ‘निसर्गरम्य भीमाकाठ’ असे शीर्षक देताना, ही हिरवाई आपल्याच न्हाणीघरातून आलेली आहे एवढे तरी ठाऊक असावे.

पहाटेचा प्रश्न वेगळा. सूर्योदयाचा फोटो काढायचा तर काठावर पोचायचे अंधारात, आणि काठावर जाणारी प्रत्येक वाट उसातून जाते. दहा-बारा फूट उंच उसाच्या दोन भिंती आणि मध्ये बैलगाडीपुरती चाकोरी. शिरूर तालुका वनखात्याच्या जुन्नर विभागात येतो आणि उसात वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या तिथे आता नवीन राहिलेल्या नाहीत. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यात लहान मुले होती. लोकांचा संताप रस्त्यावर आला. दौंडच्या बाजूलाही बिबट्या आता ऐकीव गोष्ट नाही. तेव्हा एकट्याने, हेडफोन कानात घालून, बॅटरी न घेता उसातून चालत जाणे हा शहाणपणा नव्हे. इथला शेतकरी रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला जातो तेव्हा जमल्यास सोबत घेतो, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतो, काठी आपटत चालतो. त्याचे अनुकरण करावे. उजेड फुटेपर्यंत बंधाऱ्याच्या माथ्यावर थांबलेले बरे. तिथे उघडे असते आणि माणसांची ये-जाही असते.

कारण केटी हा नुसता बंधारा नाही, तो रस्ताही आहे. शिरूरकडून दौंडकडे आणि दौंडकडून शिरूरकडे जायला पूल लांब पडतो. म्हणून दुचाकीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवलेला माणूस अंधार असतानाच बंधाऱ्यावरून जातो. त्याच्या मागे शाळेच्या पोरांच्या सायकली, मग खुरपणीला निघालेल्या बायका. तिवई उभी करून बसलेल्या शहरी माणसाची विचारपूस होणारच.

‘पाव्हणं, कुण्या गावचं म्हणायचं?’
‘पुण्याचा, मामा.’
‘आन् एवढ्या पहाटं?’
‘सूर्योदयाचा फोटो काढायचाय.’
‘पुण्यात उगवत न्हाय व्हय त्यो?’

उगवतो, पण इमारतींच्या मागून उगवतो आणि दिसतो तेव्हा चांगला पांढरा झालेला असतो. मामांना एवढे सांगितले की ते शेजारी टेकतात आणि आपण कॅमेऱ्यात काय पाहतो ते पाहू लागतात. आणि बहुधा आपल्याला न दिसलेले काहीतरी दाखवतात: त्या बाभळीवर पाणकावळे बसत्यात, तिथनं पलीकडं तोंड करा.

आता वेळेचे गणित. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरलेली; दौंड त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला. म्हणून घड्याळापेक्षा इथला सूर्य सुमारे बत्तीस मिनिटे मागे चालतो. सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या 21-22 तारखेचा, पण सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. तो येतो संक्रांतीच्या आसपास, सात वाजून पाच-सहा मिनिटांनी. थंडीत उठायला कंटाळणाऱ्यांना जानेवारी म्हणून सोयीचा. दिवाळीत साडेसहाच्या सुमारास तयार असावे लागते.

आणि तयार म्हणजे खरेच तयार. आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाशी चांगलाच उभा कोन करून चढतो. डिसेंबरात बिंबाची वरची कड दिसल्यापासून संपूर्ण बिंब क्षितिजावर येईपर्यंत जेमतेम अडीच मिनिटे जातात. इंग्लंडातल्या नॉरफोक परगण्यात याच ऋतूत त्याला साडेचार मिनिटांहून जास्त लागतात, कारण तिथे तो तिरका, रांगत चढतो. इथे डोळ्यांना काठावरची झाडे ओळखू येऊ लागल्यापासून सूर्य दिसेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, तिथे ती चाळीसच्या घरात जातात. छायाचित्रणाची बहुतेक पुस्तके त्या थंड मुलखात लिहिली गेली. ‘गोल्डन अवर’ नावाचा तास त्यांचा आहे. आपल्याकडे तो अर्ध्या तासात आटोपतो आणि आठ वाजता उन्हाला धार चढलेली असते. त्यामुळे इथे लेन्स बदलत बसायला वेळ नाही. जागा आदल्या संध्याकाळी बघून ठेवायची, तिवई अंधारात लावायची, चौकट बांधून ठेवायची. बिंब येण्याआधीच्या दहा मिनिटांत जो जांभळट-केशरी रंग पाण्यावर पसरतो तो मला बिंबापेक्षा जास्त आवडतो. बिंब आले की नजर तिथेच खिळते आणि बाकीचे चित्र मरते.

एक गंमत सांगायची राहिली. वातावरण प्रकाशकिरणांना वाकवते, इतके की क्षितिजाला टेकलेले बिंब आपल्याला दिसते तेव्हा सूर्य प्रत्यक्षात पूर्णपणे क्षितिजाखाली असतो. आपण ज्याचा फोटो काढतो तो अजून उगवलेला नसतो. बिंब खालून दबलेले, अंडाकृती दिसते तेही यामुळेच.

धुके हवे असेल तर आदली रात्र निरभ्र आणि वारा पडलेला पाहिजे. अशा रात्री जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि उतारावरून नदीच्या खळग्यात उतरते. डोहाचे पाणी मात्र दिवसभराची ऊब धरून असते. कोमट पाण्यावर थंड हवा आली की पाण्यातून वाफा निघताना दिसतात. गावात याला धुई म्हणतात. ती गुडघाभरच उंच असते, त्यामुळे बगळ्यांचे पाय दिसत नाहीत आणि होडीतला माणूस कमरेपासून वर दिसतो. सूर्य चार बोटे वर आला की पाच-दहा मिनिटांत ती विरते. ढग आले असतील त्या पहाटे धुईची आशा करू नये आणि खुशाल झोपावे.

या धुईत दौंडचा खास असा एक धूर मिसळतो. केडगाव-पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळे पुष्कळ. पहाटे चुलवाण पेटते, चिपाडाचा धूर चिमणीतून निघतो आणि वर न जाता आडवा पसरतो, कारण खाली थंड आणि वर उबदार हवेचा थर असतो. झाकण घातल्यासारखा तो धूर नदीवर तरंगत राहतो. उगवता सूर्य त्यातून जाताना तांबडा होतो, ते रंग त्या धुराचेच. काहिलीतल्या रसाचा गोड वास येतो तोवर ठीक. कधी त्यात जळक्या प्लॅस्टिकचा वास मिसळतो, तेव्हा चिपाडाखेरीज आणखी काय चुलवाणात जाते ते कळते. ऊसतोडीच्या हंगामात काठाने कोप्या पडलेल्या असतात. पहाटे चारला त्यांच्यापुढे चुली पेटतात आणि दिवस उजाडायच्या आत टोळी फडात गेलेली असते. बीड-नगरकडून आलेल्या या माणसांचा दिवस सूर्योदयाला अर्धा सरलेला असतो.

इथे मला पीटर हेन्री इमर्सन आठवतो. हा शिकलेला डॉक्टर. नॉरफोकमधल्या ‘ब्रॉड्स’ नावाच्या पाणथळीत होडीतून हिंडला आणि 1886 साली चित्रकार टी. एफ. गुडॉलबरोबर त्याने तिथल्या जीवनाचा चाळीस छायाचित्रांचा संग्रह काढला. लव्हाळे कापणारे, होडीतून गवत नेणारे, बदकांच्या मागावर निघालेले, अशी कष्टकरी माणसे त्यात जागोजाग आहेत. त्या काळी स्टुडिओत माणसांना नटवून, अनेक काचा जोडून ‘कलात्मक’ फोटो बनवायची रीत होती. इमर्सनने तिच्याविरुद्ध 1889 मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे दोनच वर्षांच्या आत स्वतःचीच मते मागे घेणारी काळ्या कडांची पत्रिका छापली. छायाचित्रण कला आहे की नाही यावर तो कोलांटी मारून गेला. पण पाणथळीचे चित्र तिथे राबणाऱ्या माणसाला वगळून पुरे होत नाही, हे त्याच्या फोटोंतून जे दिसते ते कोलांटीनंतरही तसेच राहिले.

आपल्याकडचे सूर्योदयाचे फोटो बघा. पाणी, बिंब, एक वठलेले झाड, झाडावर एक पक्षी. होडी असली तर रिकामी, आणि माणूस असला तर काळी आकृती, चेहरा नसलेली. मोटारीचा पाइप, ढाप्यांची गंजकी थप्पी, जलपर्णी, दुधाचे कॅन, विजेची तार, सगळे चौकटीबाहेर ढकललेले किंवा नंतर संगणकावर पुसलेले. जणू नदी अस्पर्श आहे. या पट्ट्यात तसे दाखवणे हे मला साफ खोटे वाटते, कारण इथले पाणीच मुळी माणसाने अडवलेले, माणसाने घाण केलेले आणि माणसाने उपसलेले आहे. सूर्य तेवढा बाहेरून येतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. प्रतिबिंब आकाशापेक्षा नेहमी काळपट येते, म्हणून मोजणी आकाशावर करून पाण्यासाठी वेगळा फोटो घ्यावा किंवा वरून गडद असलेला फिल्टर लावावा. रंगांचे काम कॅमेऱ्याच्या ‘ऑटो’वर सोडले तर तो केशरी रंगाला दोष समजून धुऊन काढतो, दिवसाच्या उजेडाची खूण निवडून ठेवावी. माणसाचा चेहरा दिसायला हवा असेल तर सूर्याकडे पाठ करा. सूर्य उगवल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे काठावरच्या माणसांवर जो उजेड पडतो तो फुकट मिळणारा सर्वांत चांगला उजेड आहे, आणि तेव्हा बहुतेक छायाचित्रकार अजून सूर्याकडेच बघत असतात. मोबाइलने हे सगळे होते. महाग कॅमेऱ्याने ते लवकर होते इतकेच.

नदीबरोबर खाली जाऊ. शिरूर शहर ज्या घोडनदीवर वसले आहे, आणि जुनी माणसे शहरालाच घोडनदी म्हणतात, ती घोड चिंचणीच्या धरणात अडते आणि पुढे इनामगाव, तांदळीकडून येऊन भीमेत मिसळते. इनामगावला थांबायलाच हवे. तिथे 1968 पासून पुढे सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वसाहत तिथे मिळाली. घरे, कोठार, आणि घोडेच्या पुराचे पाणी वळवून शेताला द्यायला काढलेला चर, त्याला घातलेला बांध. म्हणजे या खोऱ्यात पाणी अडवायचा उद्योग तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे, ढापे अलीकडचे. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या कुंभात बसवून पुरलेला एक माणूस सापडला. त्याच्याजवळ ठेवलेल्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. या काठावरचे होडीचे इतके जुने चित्र मला दुसरे माहीत नाही. पुढे हवामान कोरडे होत गेले, घरे जाऊन गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास गाव उठले. आज त्या पांढरीजवळ ऊस डोलतो.

दौंडच्या पुढे नदीच्या पलीकडे श्रीगोंदा आणि कर्जत तालुके लागतात. पेडगावचा किल्ला, बहादुरगड, जिथे 1689 मध्ये कैद केलेल्या संभाजीराजांना औरंगजेबासमोर आणले गेले, तो अगदी काठावर आहे. सिद्धटेकला पूर्वी दौंड तालुक्यातल्या शिरापूरहून होडीने जात. आता पूल आहे. होडीतून दर्शनाला गेलेली पिढी अजून हयात आहे. त्यांच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये त्या होडीचे, नदीचे फोटो असतील तर ते स्कॅन करून ठेवा. आमच्या सूर्योदयांपेक्षा ते मोलाचे आहेत.

हिंगणीबेर्डी, वाटलूज, राजेगाव, नायगाव, खानोटा. इथे आले की नदी नदी राहत नाही, तिचा समुद्र होतो. हे उजनीचे पाणी. धरण माढा तालुक्यात, इथून कितीतरी दूर. 1980 साली पुरे झाले. साठवण 117 टीएमसी, त्यातली वापराची साडेत्रेपन्न आणि उरलेली मृत साठ्याची. पण सोलापूर जिल्ह्याची तहान मृत साठ्यावरही भागते, म्हणून उजनीची टक्केवारी ‘उणे’मध्ये सांगायची पद्धत पडली, 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठाच्या जवळ गेली होती. इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर अशा वर्षी पूर्ण उघडे पडते आणि फोटोवाल्यांची रीघ लागते.

पक्ष्यांचे गणित याच चढ-उतारावर बसले आहे. ऑक्टोबरात धरण भरलेले असते तेव्हा काठ खोल, पक्षी पांगलेले. पाणी सोडत गेले की जानेवारीपासून चिखल उघडा पडतो. त्या गाळावर धरणग्रस्त शेतकरी गाळपेर करतात, आणि उरलेल्या चिखलात रोहित माना उलट्या करून चाळणी धरतात. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात, चक्रवाक जोडीने हिंडतात, चित्रबलाक भादलवाडीच्या तळ्यातल्या झाडांवर घरटी करतात. शेकाट्या, चमचे, कुरव, नदी सुरय आणि मीनखाई मोरघार. मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’त यांतल्या बहुतेकांची मराठी नावे सापडतात, कॅमेऱ्याच्या पिशवीत इंग्रजी मार्गदर्शिका असतेच, हे पुस्तक घरी तरी असावे. राजेगाव-खानोट्याचा काठ दौंड तालुक्यातला, कुंभारगाव-डिकसळचा इंदापूरमधला. पक्ष्यांना हद्द ठाऊक नाही, पण सोयी सगळ्या कुंभारगावला आहेत. होड्या तिथे, राहायला घरे तिथे आणि चिलापीचे कालवणही तिथलेच. ज्या मुलांचे आजोबा जमीन पाण्याखाली गेल्यावर मासेमारीकडे वळले, ती मुले आज शंभर पावलांवरून पक्षी ओळखतात. त्यांच्याशी भाड्याची घासाघीस करणारा आणि हातात लाखाची लेन्स असणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याच्याबद्दल न लिहिलेलेच बरे.

होडीबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. 21 मे 2024 ला संध्याकाळी वादळात कुगाव ते कळाशी या वाटेवर होडी उलटून सहा जण बुडाले. उजनीवर वारा सुटला की लाटा उठतात. दिसायला तळे असले तरी ते तळे नाही. जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका आणि नावाडी ‘वारं हाय, नगं’ म्हणाला तर परत फिरा. पक्षी उडताना हवेत म्हणून होडी थव्यात घालायला सांगणे, शेव-गाठ्या उधळून कुरव बोलावणे, ड्रोन सोडणे, ही तिन्ही कामे सारखीच वाईट. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला चरायला मिळालेला वेळ आपण खातो.

काठावर रात्रीचे आणखी एक जग आहे. भीमेची वाळू. सक्शन पंप बसवलेल्या बोटी पात्रात उतरतात, पहाटे ट्रक भरून निघतात. तहसीलची पथके अधूनमधून बोटी जाळतात किंवा जिलेटिनने उडवतात, काही दिवस शांत जातात, मग पुन्हा. पहाटे कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याकडे त्यामुळे संशयाने बघितले जाते. असा संशय आला की वाद घालू नये, निघावे. वाळू गेली की पात्रात खड्डे पडतात, उथळ पाणी संपते, आणि टिटवीला, नदी सुरयला अंडी घालायला जागा राहत नाही.

या सगळ्याला संरक्षण काय, असे विचाराल तर उत्तर कागदावर आहे. 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांत पाणथळीची व्याख्या करताना नदीचे पात्र वगळले आहे, आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले जलसाठेही वगळले आहेत. नाशिक जिल्ह्यातले नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामुळेच तयार झाले, पण ते अभयारण्य होते आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ झाले. केटीच्या डोहांना आणि उजनीच्या फुगवट्याला असा आडोसा नाही. नियमांच्या दृष्टीने ती पाणथळच नव्हे. लाखो फोटोंत जी पाणथळ दिसते ती कायद्याच्या चौकटीत येत नाही.

म्हणून एक विनंती. यंदा थंडीत भीमेकाठी जाल, सूर्य नदीच्या रेषेत आलेला बघाल, फोटो काढाल. त्याखाली ‘सुप्रभात’ लिहू नका. गावाचे नाव लिहा, तारीख लिहा, कोणता काठ, ढापे बसवलेले की काढलेले, जलपर्णी होती का, कोणते पक्षी होते, तेवढे लिहा. जी जलपर्णी आणि जो पाइप पुसावासा वाटेल तो तसाच राहू द्या. दहा वर्षांनी या नदीचे काय झाले हे कुणाला शोधायचे असेल तर असे फोटो लागतील. आणि चौकटीत जो माणूस आला असेल त्याला विचारून फोटो घ्या, आणि पुढच्या खेपेला त्याची छापलेली प्रत नेऊन द्या.